मीठ-मोहरी आणि वजनकाटा

माझं अक्षर मुंग्या चालल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठं काय द्यायचं ते मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढं पेन हातात आलं ते सहीपुरतं. हे कुणाच्या हाती लागलं तर चुकांना हसावं, पण पान फाडू नये.

लिहायचं कारण एवढंच की मी वाईकडं जाऊन आले. परत आल्यावर तालुक्याच्या मीटिंगमध्ये "काय बघितलं ते सांगा" म्हणून मला उभी केली, तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. "चांगलं होतं," एवढं म्हणून खाली बसले. सगळ्या हसल्या. सांगायला पुष्कळ होतं. ते इथं लिहून ठेवते.

मी आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. गाव कडेगावच्या बाजूला, चहूकडं ऊस. सकाळी घरोघरी जाऊन पोरं गोळा करायची, खोली झाडायची, खिचडी शिजवायची, पोरांचे हात-तोंड धुवायचे, हे माझं काम. शिकवायचं, वजनं घ्यायची आणि मोबाईलमध्ये भरायचं काम सेविकेचं. आमच्या सेविका सुनंदाबाई. खरं तर जायचं त्यांनाच होतं. वाईच्या पुढं डोंगरात एक अंगणवाडी आहे, तिथं पोरांचं खाणं, तपासणी, लसी, शिकवणं सगळं एका जागी होतं आणि एकही आई चुकवत नाही, ते बघायला आमच्या तालुक्यातल्या सेविकांना नेणार होते. पण बाई न्हाणीत घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला.

"मावशी, तुम्हीच जा," बाई म्हणाल्या.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"डोळे आहेत ना? बघून या. आणि एकच विचारून या. आपल्या आरोहीसारख्या लेकरांचं ते काय करतात."

आरोही आमच्याच वाडीतली, तिसरं लागलेलं. बाप फौजेत. आई अश्विनी घरात असते, पण घर चालतं ते आजीच्या शब्दावर. आजीला सगळा गाव आक्का म्हणतो. ऊस आहे, म्हशी आहेत, घरात काही कमी नाही. दूध मात्र डेअरीला जातं आणि पोरगी चहात बटर बुडवून खाते. दोन पायऱ्या चढली की बसते. ओठ पांढरे, केस भुरे. तिच्या थोरल्या भावाला लहानपणी आमच्याकडं वजनाच्या काट्यात घातलं होतं, तेव्हा कुणीतरी मोठ्यानं म्हटलं, "बया, केवढं वजन हाय!" त्याच आठवड्यात पोराची छाती भरली आणि त्याला मिरजेला हलवावं लागलं. पोरगं वाचलं, आता शाळेत जातं. पण काट्यात नजर लागली असं धरून तेव्हापासून आक्का म्हणतात, "माझ्या नातीला काट्यात घालायचं न्हाई. ती काय हळदीचं पोतं हाय व्हय?" वजन नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून औषध नाही. अंगणवाडीतून दिलेलं खाऊचं पाकीट तेवढं घेऊन जातात, आणि ते म्हशीच्या आंबोणात पडतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

अवघड गोष्ट अशी की प्रवासाचे पैसे आधी आपले घालायचे होते, तिकिटं दाखवली की ऑफिस मागाहून देणार. ऐनवेळी मागितल्याबरोबर देईल असं घर गावात आक्कांचंच. मी गेले, त्यांनी काही न विचारता नोटा हातात ठेवल्या. "जा, वाईचा गणपती बघून ये," म्हणाल्या. दारात आरोही कपबशी घेऊन बसली होती. मी कपाकडं बघितलं आणि मान खाली घालून निघाले. ज्यांच्याकडून पैसे घेतले त्यांना तुमचं चुकतंय असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

कराड

कारखाने चालू होते. कराडपर्यंत उसाच्या ट्रॉल्या पुढं आणि आमची एस.टी. मागं. ट्रॅक्टरवाल्यानं गाणी एवढी मोठ्यानं लावली होती की आमच्या गाडीच्या काचा थरथरत होत्या. मला खिडकी मिळाली म्हणून बरं. खिडकीत बसलेल्या माणसाला कुणी बोलायला लावत नाही.

मोकळ्या हातानं कसं जायचं म्हणून मी काकवीची बाटली घेतली होती, गुऱ्हाळावरची ताजी. कराडच्या स्टँडवर सगळ्यांच्या पिशव्या एकावर एक ठेवल्या आणि चहाला गेलो. आलो तर माझ्या बाटलीचं बूच सैल होऊन काकवी मॅडमच्या पिशवीत उतरलेली. मॅडम म्हणजे आमच्यावरच्या सुपरवायझर, शहरातल्या. त्यांच्या पिशवीत आमच्या सह्यांचे कागद होते.

"कोणाचं आहे हे?" मॅडमनी विचारलं.

मी बोट वर केलं, शाळेत करतात तसं.

"अहो मावशी, आता हे कागद वाळवायचे की चाटायचे?"

बायका खो खो हसल्या. मॅडमही हसल्या, पण जरा उशिरा. पुढं साताऱ्यापर्यंत ज्याला त्याला कागद चिकटत होते. अर्धी बाटली वाचली होती, ती मी मांडीवर उभी धरून नेली.

वाई

घाटाजवळच्या धर्मशाळेत उतरलो. थंडी आमच्यापेक्षा बोचरी. आमच्याकडं पौषात अंगावर शाल पुरते, इथं बायका डोक्याला फडकं गुंडाळून भांडी घासत होत्या. खानावळीतली आमटी गोडसर. आमच्यातल्या दोघी-तिघींनी घरून कांदा-लसूण मसाला आणलाच होता, तो पुडीतून आमटीत पडला. वाढणाऱ्या बाईनं बघितलं आणि म्हणाली, "सांगलीकडच्या न्हवं? कळलं."

सकाळी मी एकटीच घाटावर गेले. गणपती फार मोठा आहे, बघायचा म्हणजे मान वर करावी लागते. मी आक्कांच्या नावानं हात जोडले, पैसे त्यांचे होते म्हणून. कृष्णा इथं लहान आहे. पोरं दगडांवरून पलीकडं जात होती. सांगलीला हीच नदी घरात शिरते. एक बाई गोधडी धूत होती.

"कुठल्या तुमी?"

"कडेगावकडच्या."

"म्हंजे खालच्या अंगाच्या. आमी धुतल्यालं पाणी तुमच्याकडं येतंय बगा," असं म्हणून ती स्वतःच हसली.

मी म्हणाले, "येतंय. पंपानं वर चढवून उसाला देत्यात."

"मग तुमची साखर आमच्या गोधडीची हाय की!"

अनोळखी माणसाशी इतकं बोलणं माझ्या हातून क्वचित होतं.

धरणापलीकडचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही, त्या लोकांना विचारलेलं नाही. धरणाच्या कडेकडेनं जीप गेली. एका बाजूला निळं पाणी, दुसऱ्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांची शेतं. भात निघालेलं, काही तुकड्यांत गहू, कुठं स्ट्रॉबेरीच्या वरंब्यांवर काळा कागद. आमच्याकडं माणूस उभ्या उसात शिरला की दिसत नाही. इथं समोरच्या डोंगरावरची शेळीसुद्धा दिसते.

अंगणवाडीची खोली लहान, म्हणून महिन्यातल्या त्या एका दिवशी सगळं देवळाच्या मंडपात मांडतात. आम्ही पोचलो तेव्हा वरच्या वाड्यांवरून बायका उतरत होत्या, पोरं कडेवर, काहींच्या डोक्यावर बाजाराची पाटी. दिवस मुद्दाम बाजाराचा ठेवलेला. एकदा खाली उतरलं की बाजारही होतो आणि पोराचंही होतं. आमच्याकडं नर्स एका दिवशी येते, डॉक्टरांची गाडी दुसऱ्या दिवशी, पाकिटं तिसऱ्याच दिवशी. तासगावला द्राक्षाच्या कामाला जाणारी आई किती रोज बुडवणार? ती एकदा येते, तीही पाकिटाच्या दिवशी.

मंडपात एका खांबाशी नर्स लस घेऊन बसलेली, दुसऱ्या खांबाशी चुलीवर मोठं पातेलं. मधल्या सतरंजीवर मोठी पोरं मोहरी, शेंगदाणे, चिंचोके वेगळे करत गाणं म्हणत होती. तेच त्यांचं मोजणं आणि तोच त्यांचा अभ्यास. तिथल्या सेविका शालनताई, माझ्याहून लहान, आवाज खणखणीत. त्या हिंडत हिंडतच आयांना एकेक गोष्ट सांगत होत्या, खाली बसून भाषण कुणाला दिलं नाही.

वजनकाट्याजवळ नऊवारीतली एक म्हातारी खांबाला टेकून बसली होती. तिला साळूआई म्हणत. पुढ्यात मिठाची वाटी, मोहरीची वाटी आणि पाण्याची बादली. एक आई पोर घेऊन आली. शालनताईंनी पोराला काट्यात ठेवलं, आकडा बघितला, तोंडानं काहीच बोलल्या नाहीत. लिहिलं, पोर उचललं आणि साळूआईकडं दिलं. साळूआईनं मूठभर मीठ-मोहरी त्याच्यावरून उतरली, पुटपुटली, आणि मूठ बादलीत सोडली. मग शालनताईंनी आईपुढं पोराचा तक्ता धरला. त्यावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे असतात, आमच्याकडंही तेच आहेत. आज ठिपका कुठं पडला तिथं फक्त बोट ठेवलं. पिवळ्यावर होतं. आईनं मान हलवली आणि न सांगता नर्सच्या खांबाकडं गेली.

मॅडम फोटो काढत होत्या. त्यांनी फोन खाली घेतला.

"शालनताई, हे मीठ-मोहरीचं काय चाललंय? हे ग्रुपवर गेलं तर मला वरून फोन येईल."

"मॅडम, फोटुत काटा घ्या, बादली घिऊ नका," शालनताई म्हणाल्या.

साळूआई बसल्या जागेवरून म्हणाली, "माजा फोटू काडायचा न्हाई. मला बी नजर लागती."

सगळा मंडप हसला. मॅडमनी काट्याचा फोटो घेतला.

मला बाईंचा प्रश्न विचारायचा होता. दिवसभर जीभ उचलली नाही. खिचडी वाढताना, पोरांची तोंडं पुसताना दर वेळी वाटायचं, आता विचारू, आणि तेवढ्यात कुणी तरी आडवं यायचं. काकवी काढली तेव्हा मात्र पोरं भोवती गोळा झाली. नाचणीच्या भाकरीवर काकवी त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच खाल्ली. एका पोरीनं मला हाक मारायला नाव काढलं, "काकवीची आजी."

जेवणं झाल्यावर शालनताई पातेलं घासायला बसल्या, तशी मीही राख घेऊन बसले. हात कामात असले की मला बोलता येतं. आरोहीचं सगळं सांगितलं, थोरल्या भावाचंही. आक्कांचे पैसे घेतलेत ते सांगितलं नाही.

शालनताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या हितं बी आसंच. सुरवातीला मी लय भांडले. नजर-बिजर काय नसतंय म्हनायची. बायका काटा बगितला की पोर पदराखाली घ्यायच्या आन परत जायच्या. लस बी राह्यची, खाऊ बी राह्यचा. मग साळूआईच्या पाया पडले. म्हटलं, आई, तुमी तुमचं करा, मी माजं करती, पर एकाच जागी करू."

"आन तिनं ऐकलं?"

"ती तयारच हुती. तिला कुनी बोलावलंच न्हवतं. पर तिचा बी हट्ट हुता, मिरच्या जाळायच्या. नर्सबाई म्हनल्या, धुरानं पोरांची छाती भरंल, मग मी हितं बसणार न्हाई. दोघी रुसल्या. शेवटी मिरच्या गेल्या, बादली आली. आन मी आकडा मोठ्यानं बोलायचा सोडला. तेवढंच खरं माजं चुकत हुतं. चारचौघीत लेकराचं वजन काढायचं, ते कुठल्या आईला आवडंल?"

"मीठ-मोहरीनं गुण येतो?"

शालनताईंनी पातेलं पालथं घातलं. "मावशी, गुण खिचडीनं आन औषधानं येतो. पर नजर उतरली की आई दवाखान्यात जायला मोकळी हुती. मला तेवढंच पायजे."

निघताना साळूआईनं मला हातानं बोलावून माझ्यावरूनही मीठ-मोहरी उतरली. "लांबून आलीयास. आन लय गप्प हायस," म्हणाली. शालनताईंनी घेवड्याची पिशवी दिली.

परत

मीटिंगमध्ये काय झालं ते वर लिहिलंच आहे. सुनंदाबाईंना मात्र मी सगळं सांगितलं, त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून शेंगा फोडत. बाई म्हणाल्या, "बादलीचं मी मॅडमना विचारत नाही. नर्सताईंना विचारते. पण आक्कांना कोण सांगणार?"

मी पुढची शेंग फोडली.

ऑफिसचे पैसे आले नव्हते. पगारातून थोडे बाजूला काढले, त्यावर घेवडा ठेवला आणि आक्कांपुढं नेऊन ठेवले. आरोही पायरीवर बसली होती, पुढ्यात कप. अश्विनी भाकरी थापत होती, तिनं माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घेतली. आक्कांनी गणपतीचं विचारलं, थंडीचं विचारलं. मी काकवीचं सांगितलं तेव्हा पदर तोंडाला लावून हसल्या. मग मी साळूआईचं सांगितलं. आरोहीचं नाव काढलं नाही. त्या गावात असं करतात, एवढंच.

आक्का ताठ बसल्या. "मोहरी पान्यात टाकत्यात?"

"व्हय."

"डोंगरातल्या बायकास्नी काय कळतंय? पान्यात टाकून नजर उतरती व्हय? नजर वल्ली हुती का कवा? मोहरी चुलीत तडतडली पायजे."

"चुलीत टाकलं तरी चालंल," मी म्हणाले. "मोहरीनं धूर हुत न्हाई. मिरची मातर नगं."

"मिरची नसली तर नसली. आन डाव्या हातानं उतरती का उजव्या?"

"उजव्या, वाटतं."

"वाटतं! ती तुमची म्हातारी, समदं उलटंच करतीया." आक्कांनी आरोहीला जवळ ओढलं. मग आरोहीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आकडा बोलत न्हाईत म्हनतीस?"

"न्हाई बोलत. बोट ठेवत्यात."

"कवा आस्तंय तुमचं ते वजन?"

भाकरी तव्यावर टाकून अश्विनी तशीच उभी राहिली. तिच्या हातातलं पीठ खाली पडत होतं.

नर्सताईंनी आपला दिवस पोरांच्या वजनाच्या दिवसाला जोडून घेतला. तेवढं झालं, डॉक्टरांची गाडी अजून वेगळ्याच दिवशी येते. बाई कुबडी घेऊन आल्या. आक्का धुतलेलं लुगडं नेसून मीठ-मोहरी घेऊन आल्या आणि मी शेगडीत निखारे करून ठेवले. आक्का आल्या म्हणून त्यांच्या आळीतल्या सगळ्या सुनाही आल्या. सगळ्यात आधी आक्कांनी दुसऱ्यांची पोरं पुढं घातली, आपली शेवटी. आरोही काट्यात रडली नाही. बाईंनी आकडा बघितला, ओठ दाबून धरले. आक्कांनी उतरलं, मोहरी निखाऱ्यांत तडतडली. मग बाईंनी तक्ता पुढं धरला आणि बोट ठेवलं. पिवळ्याच्या खाली, लाल पट्ट्याच्या अगदी कडेला.

आक्कांनी ते बोट बघितलं. आसपासच्या पोरांचे तक्ते त्यांनी आधी बघितले होतेच, हिरवं म्हणजे काय ते त्यांना कळलं होतं. मोहरी एवढी तडतडली ती कशानं, असं कुणी विचारलं नाही. आक्का अश्विनीला म्हणाल्या, "उंद्या मिरजंला जायाचं. चल."

मिरजेच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. पोरीच्या अंगात रक्त फार कमी होतं, जंतही होते. औषध दिलं, लोहाचे थेंब दिले, चहा बंद करायला सांगितला. त्यानंतर आरोही रोज अंगणवाडीत येऊ लागली, रांगेत बसून खिचडी खाऊ लागली. चिंचोके मोजते. पाचानंतर एकदम आठ म्हणते.

चहा मात्र सुटला नव्हता. मी रोज सकाळी तिला घ्यायला जाते, तेव्हा आक्का तिला मांडीवर घेऊन बशीतून पाजत असायच्या. "रडती गं, घोटभरच दिलाय," म्हणायच्या. नर्सताई सांगून गेल्या, त्यांच्यापुढं आक्कांनी मान हलवली. थेंब चहाबरोबर जातात ते अंगाला लागत नाहीत, हे अश्विनीलाही कळत होतं, पण ती सून. मला कळत होतं आणि माझ्याकडं आक्कांचे पैसे होते. पुढच्या महिन्यात बाईंचं बोट वर सरकलं, पण इतकं कमी की बाईंनी दोनदा बघितलं.

मग ऑफिसचे पैसे आले. चिकटलेल्या कागदावर माझी सही होती म्हणून क्लार्क कुरकुरला, पण आले. मी त्याच सकाळी आक्कांकडं गेले, पोरं गोळा करायच्या आधी. आरोही मांडीवर, बशी हातात.

मी राहिलेल्या नोटा आक्कांपुढं ठेवल्या. "मोजून घ्या."

"मोजायचं काय त्यात? घाई न्हवती मला."

"मला हुती," मी म्हणाले.

आक्कांनी मोजल्या, कमरेच्या पिशवीत सारल्या. "फिटलं बग. आता तुजं माजं काय राह्यलं न्हाई."

"आक्का, तिचा चहा बंद करा."

माझाच आवाज मला मोठा वाटला. आतून अश्विनी दारात आली. आक्का माझ्याकडं बघत राहिल्या. रागावल्या होत्या, ते दिसत होतं.

"एवढं दीस बोलली न्हाईस ती?"

"पैसं हुतं तुमचं."

आक्कांनी आरोहीच्या हातातली बशी काढून घेतली. पोरगी ओरडायला लागली. त्यांनी ती बशी माझ्यापुढं सरकवली. "मग तू पी. ओतून कशाला टाकायचा?"

मी तो चहा उभ्या उभ्याच प्याले. रडणारी आरोही कडेवर घेतली आणि अंगणवाडीकडं निघाले.